मल्लिकार्जुन शेट्याचा न बोललेला नवस

येडशीत चाळिशी ओलांडलेला माणूस सायकलवर दिसला की लोक आधी त्याच्या तोंडाकडं बघतात, मग सायकलीकडं, आणि तो पुढं गेला की आपसात विचारतात, गाडी विकली का काय यानं? माणूस फारच जवळचा असला तर संध्याकाळी घरी येऊन त्याच्या बायकोलाच विचारतात. सायकल पोरींनी शाळेला जाताना चालवावी, रानातल्या गड्यानं चालवावी. ज्याच्या दारात गाडी उभी आहे त्यानं चालवू नये, ही गोष्ट इथं कुणाला शिकवावी लागत नाही.

मल्लिकार्जुन शेट्याच्या दारात गाडी होती. स्टेशन रोडला त्याचं बी-बियाणांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान, दुकानाच्या मागं घर, आणि दोन्हींच्या मधे एक बोळ. हा बोळसुद्धा मल्लिकार्जुन मोटारसायकलवरूनच पार करायचा. अंगानं भरलेला, स्वभावानं मऊ, आणि आयुष्यात एखादी गोष्ट त्याला मनापासून आवडली असं कुणी ऐकलेलं नव्हतं. दुकान वडिलांनी घालून दिलेलं, बायको आईनं पसंत केलेली, आणि जेवायला काय करू म्हणून विचारलं तर तो सांगायचा, जे असंल ते. यात त्याला काही कमी वाटत नव्हतं. बाकीच्यांचंही असंच चाललेलं तो बघत होता.

ही सायकल त्यानं विकत घेतलेली नव्हती, ती त्याच्या गळ्यात पडली. एका औषध कंपनीनं दुकानदारांसाठी स्कीम काढली होती. जास्त माल खपवणाऱ्या पहिल्या दुकानदाराला बँकॉकची सहल, दुसऱ्याला 'आकर्षक भेट'. मल्लिकार्जुननं त्या वर्षी शेतकऱ्यांना एवढ्या जीव तोडून फवारण्या सांगितल्या की किड्यांनासुद्धा त्याची दया आली असेल. पासपोर्टचे फोटो काढून झाले. बँकॉकला शाकाहारी माणसानं खायचं काय, यावर घरात चर्चा झाली, आणि त्याच्या बायकोनं, भुवनेश्वरीनं, कडक भाकरी आणि शेंगांची चटणी बांधून द्यायचं ठरवून टाकलं. मग निकाल लागला. बँकॉकला कळंबचा एक दुकानदार गेला आणि शेट्याच्या दारात एक उंच खोकं आलं.

खोक्यातून सायकल निघाली. जाड टायर, काट्याकुट्यांची नक्षी असलेले, दोन्ही हातांना गिअर, आणि मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँड नाही, घंटी नाही. मल्लिकार्जुनची आई उमाबाई, जिला घरात सगळे अव्वा म्हणत, तिनं सायकलीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "अर्धीच दिली का रे?" बाकीची मागून येईल असं मल्लिकार्जुननं सांगितलं, कारण त्यालाही तसंच वाटत होतं.

सायकल गोदामात गेली. तिच्या हँडलला फवारणीचे पंप लटकले, सीटवर मांजरानं संसार मांडला. मग मल्लिकार्जुनला साखर निघाली आणि डॉक्टरांनी रोज सकाळी चालायला सांगितलं. येडशीत चालायला जाणं म्हणजे हायवेच्या कडेनं बाकीच्या साखरवाल्यांबरोबर साखरेविषयी बोलत जाणं. तो चार सकाळी गेला. पाचव्या सकाळी त्याच्या लक्षात आलं, की या गप्पांनी साखर आणखी वाढते. त्यानं मांजराला उठवलं आणि कुणी बघू नये म्हणून रेल्वेलाईनच्या पलीकडच्या माळाकडं सायकल काढली.

गिअरचं शास्त्र त्याला मोटारसायकलवरून ठाऊक होतं, म्हणजे उलटं ठाऊक होतं. तरी माळ सपाट होता म्हणून निभावलं. पुढं जमीन संपल्यासारखी झाली आणि खाली रामलिंगाच्या देवळाच्या दरीतलं जंगल दिसलं. डांबरी रस्ता लांबून होता. समोर गुरं उतरतात ती वाट होती, गोट्यांची, मुळ्यांची, मधेच तुटलेली. परत फिरावं असं त्याच्या मनात होतं. पण पुढचं चाक त्याच्या मनाला न विचारता उतरायला लागलं.

मग जे झालं ते मल्लिकार्जुनला पुढं कधीच नीट सांगता आलं नाही. दगड हाताखालून धावत होते, दात वाजत होते, पोट एकीकडं आणि तो दुसरीकडं चालला होता, घाणेरीच्या फांद्या कानफटात देत होत्या. एका मुळीवरून सायकल उडाली आणि पुन्हा जमिनीवर आली, आणि तो पडला नाही. तेवढ्यात जवळच कुणीतरी मोठ्यानं ओरडलं. रानात हा कोण ओरडतोय म्हणून त्यानं कान दिला, तर तो स्वतःच होता. ती भीतीची ओरड नव्हती. शाळा सुटल्यावर पोरं ओरडतात, तसली ती होती.

खाली देवळाच्या अलीकडं तो थांबला तेव्हा अंगावर धूळ होती, कपाळाला ओरखडा, आणि छाती भात्यासारखी चाललेली. तिथं दगडाबाई बेल-फुलं विकायला बसते. शेटे दुकानदार पहाटे, एकटा, आडवाटेनं, सायकलवर, रक्ताळलेल्या कपाळानं देवाच्या दारात उभा, हे पाहून तिनं जे कुणीही विचारलं असतं तेच विचारलं.

"नवस हाय का, अण्णा?"

मल्लिकार्जुनला खरं तर सांगायचं होतं, की नवसबिवस काही नाही, सायकल आपोआप खाली आली. पण एवढं बोलायला श्वास कुठून आणायचा? त्यानं मान हलवली आणि त्याच्या तोंडून निघालं, "हं."

एवढ्या एका अक्षरावर पुढची तीन वर्षं उभी राहिली.

चढावर सायकल ढकलत तो घरी पोचला, तोवर बातमी त्याच्या आधी पोचलेली होती. दुकान उघडायची वेळ टळली म्हणून अव्वा रोज जे बोलायची ते त्या दिवशी बोलली नाही. तिनं त्याच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला विभूती लावली आणि गरम दूध पुढं ठेवलं. तोंड उघडून खरं सांगायला ती वेळ चांगली होती. पण दूधही चांगलं होतं. आणि उद्या पुन्हा ती वाट उतरायला मिळावी, यापलीकडं त्याला त्या क्षणी दुसरं काही सुचत नव्हतं. त्याला एखादी गोष्ट आवडली होती. ती आवडली असं सांगून करता येते, हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. नवस म्हटला की मात्र वाट मोकळी.

शिवाय नवसात एक मोठी सोय असते. नवस कशाचा हे विचारायचं नसतं आणि सांगायचंही नसतं, सांगितला की फळत नाही. त्यामुळं प्रत्येकानं आपापल्या मनानं ठरवून टाकलं. अव्वाच्या मते नवस पुण्याला नोकरी करणाऱ्या नातीच्या, म्हणजे त्याच्या मुलीच्या, शिवांजलीच्या, लग्नाचा होता. शेजारच्या कडूबाईच्या मते साखरेचा. गिऱ्हाइकांच्या मते बँकॉकचा.

पुढं मल्लिकार्जुन गिअर शिकला, उतारावर बूड मागं न्यायला शिकला, दगड बघायचा नाही, दगडाशेजारची मोकळी जागा बघायची, हे शिकला. काउंटरमागं बसून मोबाइलवर लांबच्या देशांतल्या पोरांचे डोंगर उतरतानाचे व्हिडिओ बघायचा, आणि समोरचा शेतकरी सोयाबीनवर काय मारू विचारत उभा राहायचा. बालाघाट डोंगराच्या कडेच्या सगळ्या गुरवाटा त्यानं पालथ्या घातल्या. सरळ डांबरी सोडून हे कशाला, असं अव्वानं एकदा विचारलं, तेव्हा तो आयुष्यात पहिल्यांदा ठरवून खोटं बोलला. "नवस आडवाटेचा हाय, अव्वा." तिला ते लगेच पटलं. देवानं सोपं काही मागितल्याचं तिच्या ऐकण्यात नव्हतं.

गावालाही पटलं. जे गाव सायकलीला हसणार होतं ते वाट सोडून उभं राहू लागलं. बुडाखाली गादी शिवलेली तंग चड्डी त्यानं ऑनलाइन मागवली. दुसरा कुणी ती घालून स्टेशन रोडनं गेला असता तर त्याच्या सोयरिकी तुटल्या असत्या. मल्लिकार्जुनची चड्डी नवसाचं वस्त्र ठरली. अव्वा ती वेगळी धुवायची, वेगळ्या तारेवर वाळत घालायची, आणि तिची सावली कुणावर पडू नये याला जपायची. हेल्मेटला विभूतीचे तीन पट्टे आले. लोक आपापले नारळ त्याच्या पाठीवरच्या पिशवीत देऊ लागले, एवढे देवाला पोचवा म्हणून. दहावीच्या पोरांचे आईबाप हॉलतिकिटं हँडलला लावून न्यायचे. एकदा उतारावर पिशवी फुटली आणि नारळ त्याच्या आधी देवळापाशी पोचले. त्याचाही लोकांनी अर्थ लावला, आणि तो चांगलाच लावला.

बब्रुवान नावाचा एक होतकरू पुढारी, ज्याला दर निवडणुकीला सरपंच व्हायचं असतं, त्यानं चौकात फ्लेक्स लावला. 'सायकलव्रती मल्लिकार्जुनअण्णा शेटे यांना वंदन.' फ्लेक्सवर अण्णांचा फोटो सुपारीएवढा आणि वंदन करणाऱ्याचा परातीएवढा होता.

असं सगळं गोडीगुलाबीनं चाललेलं असताना श्रावणाच्या तोंडावर शिवांजलीचं लग्न ठरलं. मुलगा तिनंच पसंत केलेला, आणि नात्यातला निघाल्यामुळं आपण पसंत केला असं अव्वालाही म्हणता आलं. घरात आनंद झाला. सगळ्यांत जास्त आनंद मल्लिकार्जुनला झाला, आणि अव्वाचं पुढचं वाक्य ऐकेपर्यंत टिकला.

"नवस फळला. आता फेडायचा."

फळलेला नवस अंगावर ठेवला तर उलटतो, हे तिचं म्हणणं. घरचे स्वामी, नंदीशय्या, यांना बोलावणं गेलं. श्रावणातल्या सोमवारी उद्यापन, साऱ्यांना गहू-गुळाच्या हुग्गीचं जेवण, आणि ज्या सायकलीनं नवस केला ती देवाला. देवळाच्या अलीकडं जी चिंच आहे, तिला लोक नवसाचे पाळणे बांधतात, पोर झाल्यावर. तिथंच ही सायकल वर बांधायची. देवाला दिलेल्या वस्तूला पुन्हा हात लावायचा नसतो, तसली दुसरीही आणायची नसते. ती जन्माची सुटली. दुकानातल्या भागवत नावाच्या मुनिमाला सांगून अव्वानं नवाकोरा जाड दोरसुद्धा आणवला.

मल्लिकार्जुन येताजाता त्या दोराकडं बघायचा. दुकानात गिऱ्हाईक तुडतुड्यांचं औषध मागायचं, हा तणाचं द्यायचा. घरात लग्नाची बोलणी चाललेली, आणि पोरीचा बाप तोंड पाडून बसलेला. लोक म्हणाले, पोरीवर लई जीव आहे. जीव होताच. पण त्या आठवड्यात त्याला रडू येत होतं ते गुरवाटेच्या तिसऱ्या वळणावरच्या मुळीसाठी, आणि याची त्याला लाजही वाटत होती.

उद्यापनाच्या आदल्या सकाळी तो शेवटचं म्हणून उतरून आला आणि गोदामात सायकल पुसत बसला. चाकाच्या काड्या एकेक करून पुसल्या. भुवनेश्वरी दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ तिनं त्याचं ते पुसणं पाहिलं.

"नवस नव्हता न्हवं?" ती म्हणाली.

त्याचा फडका थांबला. कशावरून म्हणतेस, असं त्यानं विचारलं. नवसाचा माणूस शीळ घालत घरी येत नसतो, ती म्हणाली, आणि हे तिला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. मग सांगितलं का नाही, असं तो म्हणाला, तर तिनं उलट विचारलं, की तुम्ही का नाही सांगितलं?

"काय सांगू? आवडतं म्हणून जातो, असं?" मल्लिकार्जुन म्हणाला. "या वयात?"

भुवनेश्वरी पोत्यावर बसली आणि पदरानं हसू दाबायला लागली. हसू दाबलं गेलं नाही. "मी दर पुनवेला तुळजापूरला जाते बायांसंगं," ती म्हणाली, "ती नवसानं जाते असं वाटतंय व्हय तुम्हाला? जाताना गाडीत गाणी, येताना भजी. आई भवानीला ठाव हाय, तिची काय तक्रार न्हाय." मग तिचा आवाज जरा खाली आला. माझ्या पुनवेचं कुणापाशी बोलायचं नाही, तिनं बजावलं. तुमचं तुम्ही बघा. पण उद्या ती सायकल झाडावर गेली तर तुम्ही पुन्हा 'जे असंल ते' म्हणणारे व्हाल, आणि तसला माणूस मी लई वर्षं संभाळलाय, आता तो मला नको.

सोमवारी चिंचेखाली सगळं गाव लोटलं. बब्रुवाननं फ्लेक्स नवा केला होता, 'नवसपूर्ती सोहळा'. हुग्गीची पातेली रटरटत होती, गूळ आणि गव्हाचा वास दरीत भरला होता, आणि वरच्या फांदीवर माकडंही रांगेत बसली होती. सायकलीला हार घातले होते. दोर फांदीवरून टाकून झाला होता, त्याचं एक टोक फ्रेमला बांधलं होतं, दुसरं दोघा गड्यांच्या हातात. स्वामी म्हणाले, आता यजमानानं दोन शब्द बोलावेत. अव्वा पुढंच पाटावर बसली होती, तिच्याकडं बघायचं मल्लिकार्जुननं टाळलं.

तीन वर्षं डोंगर चढून त्याची छाती चांगली झाली होती. आज धाप लागल्याची सबब नव्हती.

"नवस नव्हता," तो म्हणाला. "दगडाबाईनं इचारलं तवा मला दम लागला होता, म्हणून हं म्हणलो. मी देवाला काय मागितलं न्हाय. मला सायकल आवडती. डोंगर उतरताना लई आवडती. म्हणून जातो."

लोकांच्या तोंडावर जो विचार दिसत होता तो देवाचा नव्हता. नवसच नसेल तर उद्यापन नाही, आणि उद्यापन नसेल तर हुग्गीचं काय? मागून एक म्हातारा हळूच म्हणाला, पातेली उतरवू नका, थांबा जरा. बब्रुवान फ्लेक्सकडं बघत होता. सगळे स्वामींकडं वळले.

नंदीशय्यांनी डोळे मिटले. स्वामी अनुभवी होते आणि त्यांनाही भूक लागली होती. डोळे उघडून त्यांनी सांगितलं, की आपण सगळे देवाच्या दारात काहीतरी मागायला येतो. हा माणूस तीन वर्षं आला आणि त्यानं काहीच मागितलं नाही. याला निष्काम भक्ती म्हणतात. ज्यानं मागितलंच नाही त्याला फेडायचं काय? सायकल खाली घ्या.

टाळ्या पडल्या. दगडाबाई म्हणाली, मला त्याच दिवशी कळलं होतं. दोर सुटला, पंगती बसल्या, आणि बब्रुवान फोनवर नव्या फ्लेक्सचा मजकूर सांगू लागला, त्यात 'निष्काम' हा शब्द कसा लिहायचा यावर बरीच वादावादी झाली. मल्लिकार्जुन वाढता वाढता सांगत होता, की तसं काही नाही हो, मला नुसतं आवडतं. त्यावर लोक त्याला हात जोडून आणखी वाढा म्हणत होते. आयुष्यात एकदाच त्यानं चारचौघांत खरं सांगितलं, आणि त्याचाही गावानं गोड पदार्थ करून टाकला.

फक्त अव्वा जेवली नाही. जीपमधून परत येताना तो दोर तिच्या मांडीवर होता. मल्लिकार्जुनला वाटलं, ही आता कायमची रागावली. अंगणात उतरल्यावर तिनं त्याच्याकडं बघितलं.

"निष्काम-बिष्काम काय न्हाय ते," ती म्हणाली. "तुला आवडतं."

"व्हय, अव्वा."

ती दोराचा पीळ बोटांनी चाचपत राहिली. मग सांगितलं, जे त्यानं कधीच ऐकलं नव्हतं. तिला झोका आवडायचा. माहेरी नळदुर्गाला पंचमीला किल्ल्याकडच्या लिंबाला झोके बांधायचे, आणि तिच्याएवढा उंच कुणाचा जायचा नाही. लग्न झालं, पोर होईना, तेव्हा सासूनं सांगितलं की सगळ्यांत आवडती वस्तू देवाला सोड. तिनं झोका सोडला. मग मल्लिकार्जुन झाला. "तवापास्नं पंचमीला मी घरात बसते," ती म्हणाली. "तू म्हणलास तसं म्या कुणाला म्हणले न्हाय कधी. आवडतं म्हणून."

आपण ज्या दोरापायी आठवडाभर रडत होतो, तसला दोर हिनं आपल्यासाठी जन्मभर टाळला, एवढंच मल्लिकार्जुनला कळलं. त्यानं तिच्या हातातून दोर घेतला, गोदामामागच्या लिंबाच्या फांदीवर टाकला, दोनदा ओढून पाहिला, आणि बसायला पोतं दुमडून घातलं. अव्वा म्हणाली, सोडलेली वस्तू हाय रे ती. तो म्हणाला, देवानं दिलेला तो मीच न्हवं? मग मी म्हणतो बस.

ती बसली. पहिल्यांदा जमिनीवरचा पाय सोडवेना. भुवनेश्वरीनं मागून धरलं, मल्लिकार्जुननं हळू ढकललं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या झोक्याला म्हातारीनं स्वतःच पाय पुढं टाकून जोर घेतला. अंगात मुरलेलं कुठं जातंय. पांढरे केस सुटले, चष्मा नाकावर आला.

भिंतीपलीकडून कडूबाईचं डोकं वर आलं. तिनं झोका बघितला, झोक्यावरची उमाबाई बघितली, आणि विचारलं, "काय उमाबाई, नवस हाय का?"

अव्वाला धाप लागलेली नव्हती, त्यामुळं तिला नीट उत्तर देता आलं.

"न्हाय गं," ती म्हणाली. "आवडतं मला."